टायर झिजत नाही, वाळतो

रेवसच्या जेटीवरून अलिबागकडे निघाले की मांडवा, सासवणे, आवास, किहीम अशी गावे लागतात. इथल्या जुन्या वाड्यांच्या जागी आता बंगले झाले आहेत, आणि काही बंगल्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी असते. कुठे आजोबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी, कुठे उघड्या टपाची एमजी. मालक मुंबईहून शनिवार-रविवारी येतात, पाऊस नसेल तर गाडी काढतात, चोंढी नाहीतर अलिबागपर्यंत एक फेरी मारतात आणि पुन्हा ताडपत्री ओढतात. टायरचे कसे काय, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: "टायर एकदम नवे आहेत, नक्षी बघा ना!" नक्षी खरेच नवी असते. टायर मात्र केव्हाच संपलेला असतो.

रोज पळणाऱ्या गाडीचा टायर झिजून संपतो. हौसेच्या गाडीचा वाळून. जुन्या गाडीसाठी टायर निवडताना होणाऱ्या चुकांपैकी निम्म्या तरी हा फरक न कळल्याने होतात. मोटार वाहन नियमांनुसार चारचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. आपल्या गाडीला ही अट कधीच आड येणार नाही, कारण तेवढी झीज व्हायच्या आतच टायरचे वय झालेले असेल.

असे का होते, ते आधी समजून घेऊ. टायरच्या रबरात काही मेण आणि रसायने मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, पुन्हा दबतो. या हालचालीने ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येते आणि हवेतल्या ओझोनपासून रबराचा बचाव करते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ही हालचाल थांबते, मेण वर येत नाही आणि रबर कोरडे पडून तडकू लागते. त्यात दुपारचे ऊन एकाच बाजूच्या दोन चाकांवर पडत असेल तर त्या दोन टायरांचे वय आणखी लवकर होते. खारी हवा रबराला फारसे काही करत नाही, पण रिमला खाते. त्याकडे पुढे येऊच.

तेव्हा पहिले काम म्हणजे तारीख वाचणे. टायरच्या बाजूवर, एका लांबट चौकटीत, चार आकडे उठावाने कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. हे आकडे बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आत, गाडीखाली गेलेली असते. म्हणून बाहेरून दिसले नाहीत तर बॅटरी घेऊन खाली वाकायचे. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. तो कितीही देखणा असला तरी त्यावर बसून फाटकाबाहेर जाऊ नये.

वयाची मर्यादा किती? पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की नक्षी कशीही असो, बदलून टाकावा, असे अनेक मोठ्या टायर कंपन्या सांगतात. किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी स्वतः दहाची वाट पाहणार नाही. सात-आठ वर्षांनी टायर काढणे हा खर्च वाटतो खरा. पण कार्लेखिंडीच्या उतारावर पावसात ब्रेक दाबल्यावर टायरची पकड नुसत्या नक्षीवर ठरत नाही, वयावरही ठरते.

तारीख वाचली की हाताने तपासायचे. अंगठ्याने नक्षीच्या दोन ठोकळ्यांमधली खाच फाकवून तिचा तळ पाहावा. केसासारख्या बारीक रेषा तिथे आधी दिसतात. मग बाजूवर, रिमच्या कडेपासून बोटभर अंतरावर, बोट फिरवत पूर्ण गोल करावा. तिथे फुगा आलेला असेल, म्हणजे आतले धागे तुटून रबर बाहेर उचलले असेल, तर तो टायर आजच बाद. बाजू अगदी काळीकुळकुळीत चमकत असेल तर थोडा संशय घ्यावा. टायरला लावायच्या चकाकीच्या द्रवाखाली भेगा छान लपतात. साबणाच्या पाण्याने धुऊन मगच पाहावे.

आता माप. पद्मिनीचे उदाहरण घेऊ, कारण ही गाडी मुंबईतच, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनत असे आणि तिच्या टायरवर जुन्या पद्धतीचे माप असते: ५.२०-१४. यातला ५.२० म्हणजे टायरची रुंदी, इंचात. १४ म्हणजे रिमचा व्यास, तोही इंचात. मधली आडवी रेघ टायरची जात सांगते: हा क्रॉस-प्लाय टायर, ज्याला आपल्याकडे दुकानात सरळ 'नायलॉन टायर' म्हणतात. पुढे '४ पीआर' असे काही असेल तर ती टायरच्या थरांची ताकद.

नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर बाजेच्या विणीसारखे एकमेकांवर तिरके जातात. बाजू आणि पाठ एकाच विणीची, त्यामुळे बाजू वाकली की पाठही वाकते आणि वळणावर रस्त्याला टेकलेला भाग मुरडतो. रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि पाठीखाली पोलादी तारांचे वेगळे पट्टे असतात. बाजू हवी तेवढी वाकते, पाठ मात्र रस्त्यावर सपाट बसून राहते. मिशेलिनने १९४६ मध्ये याचे पेटंट घेतले. भारतात १९७७ पासून जेके टायरने रेडियलची वाट पाडली. आज नव्या मोटारगाड्या रेडियलवरच येतात.

आधुनिक मापही तसेच वाचायचे. १६५/८० आर १४ यात १६५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ८० टक्के. 'आर' रेडियलचा, आणि १४ हा पुन्हा रिमचा व्यास, इंचातच. एकाच मापात मिलिमीटर आणि इंच दोन्ही कशाला, असा प्रश्न पडेल. पण टायरच्या धंद्याने हा गोंधळ जगभर मान्य केला आहे, आपणही करू.

इथे एक निर्णय आधी घ्यायचा: नायलॉन की रेडियल? गाडी प्रदर्शनात उभी करायची, पाहणाऱ्याला ती अगदी त्या काळची दिसायला हवी, तर नायलॉन शोधावा. त्याची बाजू उंच आणि गोलसर असते. रेडियल लावला की जुन्या गाडीचा उभा बांधा जरा बदलतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. गाडी खरोखर चालवायची असेल, तीही पावसाळी रस्त्यावर, तर माझे मत रेडियलच्या बाजूने. नायलॉन टायर रस्त्यावरच्या चरांच्या मागे जातो. साइडपट्टीच्या कडेला चाक लागले की स्टिअरिंग आपोआप तिकडे ओढल्यासारखे होते, आणि नवख्या माणसाला वाटते गाडीच बिघडली. रेडियलमध्ये हे कमी होते, ब्रेकही जवळ लागतो. बदल्यात उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवायला जड जाते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या पद्मिनीत किंवा एमजीत हे हाताला जाणवेल.

नायलॉनच्या बाबतीत एक नवी अडचण उभी राहिली आहे. ५.२०-१४ ला खरा उठाव होता तो काळ्यापिवळ्या टॅक्सींचा. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाल्या. ज्या मापाला गिऱ्हाईक उरत नाही ते दुकानात पडून राहते. तेव्हा "शेवटची जोडी आहे, घेऊन टाका" असे कोणी म्हणाले तर आधी चौकटीतले चार आकडे पाहावेत. न वापरलेला टायरही गोदामात म्हातारा होतोच.

दोन्ही जातींची मिसळ करू नये. एका आसावर, म्हणजे पुढच्या दोन किंवा मागच्या दोन चाकांत, एक नायलॉन आणि एक रेडियल असे तर कधीच नाही. पैशाअभावी दोनच रेडियल घ्यायचे झाले तर ते मागे लावावेत. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन लावले की वळणावर पुढचा भाग धरून ठेवतो आणि मागचा सुटतो. ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते. पुढचे टायर खराब झाले म्हणून पुढेच नवे रेडियल लावणे, ही अगदी भोळेपणाने होणारी चूक आहे. सर्वांत चांगले म्हणजे पाचही एकाच जातीचे, एकाच मापाचे. स्टेपनी विसरू नये. स्टेपनीत जुना नायलॉन राहिला तर पंक्चरच्या दिवशी नेमकी ती नको असलेली मिसळ होते.

रेडियल ठरला की कोणते माप? दुकानदार म्हणेल, "चौदाची रिम आहे ना? चौदाचा कुठलाही बसतो." बसतो, पण चालत नाही. आपल्याला मूळ टायरच्या एकूण व्यासाच्या जवळ राहायचे आहे. हिशेब शाळकरी आहे. ५.२० इंच म्हणजे १३२ मिलिमीटर. जुन्या नायलॉन टायरची उंची जवळजवळ रुंदीइतकीच असते. त्यामुळे ५.२०-१४ चा पूर्ण व्यास साधारण ६०५ ते ६१० मिलिमीटर भरतो. खात्रीसाठी आपल्याच टायरचा घेर टेलरच्या टेपने मोजून ३.१४ ने भागावा.

आता १५५/८० आर १४ पाहू. १५५ चे ८० टक्के म्हणजे १२४. वर एक आणि खाली एक म्हणून दुप्पट, २४८. त्यात १४ इंचांच्या रिमचे ३५५.६ मिलिमीटर मिळवले की ६०३.६. मूळ मापाला अगदी लागून. १६५/८० आर १४ चा व्यास येतो ६१९.६, थोडा मोठा पण चालण्याजोगा. आणि आजकाल दिसायला छान म्हणून लावतात तो १६५/६५ आर १४? तो भरतो ५७०. म्हणजे जवळपास साडेतीन ते चार सेंटिमीटरने लहान चाक.

लहान चाकाचे परिणाम लगेच कळत नाहीत. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ५६ च्या आसपास धावत असते. इंजिनाला तेवढ्याच अंतरासाठी जास्त फेरे मारावे लागतात. गाडी पावणेदोन-दोन सेंटिमीटर खाली बसते, आणि आपल्या रस्त्यांवरच्या गतिरोधकांना सायलेन्सर घासू लागतो. दोष मग मेकॅनिक स्प्रिंगांना देतो, मालक रस्त्याला.

स्पोर्ट्‌स कारवाल्यांसाठी एक आनंदाची बातमी मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेल्या एमजीबीला सुरुवातीला ५.६०-१४ हे नायलॉनचे माप होते आणि रेडियलमध्ये १५५ किंवा १६५ आर १४. जुन्या मापात फक्त '१६५ आर १४' लिहिलेले असेल, मध्ये टक्केवारी नसेल, तर ती ८० च्या जवळपासची समजतात. म्हणजे १६५/८० आर १४ तिला चपखल बसतो. आणि हे माप मारुतीच्या स्विफ्ट, डिझायरच्या साध्या आवृत्त्यांवर येते. परदेशी क्लासिक स्पोर्ट्‌स कारचा योग्य टायर अलिबागच्या साध्या दुकानात ताज्या तारखेचा मिळू शकतो, अशी सोय फार थोड्या जुन्या गाड्यांच्या नशिबी असते.

एमजीच्या आधीच्या टी मालिकेचे तसे नाही. टीडीला ५.५०-१५ लागतो, आणि टीसीला ४.५०-१९. एकोणीस इंची चाक आपल्याकडे बुलेटच्या पुढे असते, म्हणून कुणाला तरी बुलेटचा टायर टीसीला चढवायची कल्पना सुचते. हे करू नये. मोटारसायकल वळताना कलते, म्हणून तिच्या टायरची पाठ गोल असते. मोटार कलत नाही, तिला सपाट पाठ लागते. शिवाय टायरची रिमवर बसणारी कड आणि भार पेलायची रीत, दोन्ही वेगळी. तसाच फसवा प्रकार जुन्या जीपच्या ६.००-१६ चा. हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही येते. पण तीन धारांचा तो टायर शेतासाठी आहे, रस्त्यावरच्या वेगासाठी नाही. माप जुळले म्हणजे टायर जुळला असे नव्हे. मालवाहू गाडीसाठी केलेला ८ पीआरचा टायर हलक्या मोटारीवर चढवला तर तो दबतच नाही आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीत येतो.

व्यास जमला, आता रिमची रुंदी. जुन्या गाड्यांच्या रिम अरुंद, बहुधा चार-साडेचार इंचांच्या असतात. ८० च्या मालिकेतले १५५ आणि १६५ त्यांवर बसतात. १८५/७० चा व्यासही हिशेबात चांगला येतो, ६१४.६, पण त्याला किमान साडेचार इंच आणि खरे तर त्याहून रुंद रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत खेचल्या जातात, पाठ फुगीर होते, मधला पट्टाच रस्त्याला टेकतो. रुंद टायर घेऊन पकड कमी, असा उलटा सौदा. रिमची रुंदी टायर उतरवल्यावर आतल्या दोन कडांमध्ये मोजायची, बाहेरून नाही.

मापाच्या शेवटी '८५ टी' असे काही असते. आकडा भाराचा: ७५ म्हणजे एक टायर ३८७ किलो पेलतो, ८५ म्हणजे ५१५ किलो. अक्षर वेगाचे: एस ला ताशी १८०, टी ला १९० किलोमीटर. रिकामी पद्मिनी सुमारे ९०० किलोची. पाच माणसे आणि सामान धरले तरी एका चाकावर ३८७ च्या आतच भार येतो. इथे फारसा घोळ होत नाही. फक्त मूळ टायरपेक्षा कमी आकडा घेऊ नये.

ट्यूबचा प्रश्न मात्र नाजूक आहे. आजचे बहुतेक रेडियल 'ट्यूबलेस' असतात. त्यांतली हवा टायरची कड आणि रिम यांच्या घट्ट मिठीने राहते. ही मिठी सुटू नये म्हणून नव्या रिमला आतून एक उंचवटा असतो. जुन्या रिमला तो नसतो. शिवाय तारांच्या चाकाला, म्हणजे सायकलसारखे स्पोक असलेल्या एमजीच्या चाकाला, प्रत्येक स्पोकच्या टोकाशी भोक असते आणि तिथून हवा निसटते. म्हणून जुन्या रिमवर ट्यूब घालावीच लागते. ट्यूब रेडियलसाठी केलेली आणि त्याच मापाची घ्यावी. "थोडी लहान चालते, ताणून बसेल" हे ऐकू नये, ताणलेली ट्यूब पातळ होते. चढवण्याआधी टायरच्या आत चिकटवलेले कागद, लेबले काढून टाकावीत, कारण ट्यूब त्यांवर घासून फुटते. स्पोकच्या चाकावर रिमच्या आतून रबरी पट्टीही हवी, नाहीतर स्पोकची टोके ट्यूबला टोचतात. ही पट्टी विसरली गेली की महिन्याभरात तीन पंक्चर होतात आणि बोल मात्र बिचाऱ्या पंक्चरवाल्याला बसतो.

खरेदी कुठे करावी? चालू मापाचा रेडियल असेल तर अलिबाग किंवा पेण. तिथे नाही मिळाला तर मुंबई. मांडव्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत रो-रो बोट मार्च २०२० पासून गाड्याही नेते, त्यामुळे गाडीच दुकानात नेता येते. खास जुन्या नक्षीचे टायर परदेशात आजही नव्याने बनतात. पिरेली आपला जुना चिंतुरातो टायर पुन्हा काढते. अमेरिकेतली कोकर कंपनी अशाच टायरांसाठी प्रसिद्ध आहे. पण ऑनलाइन दिसले म्हणून पैसे भरू नयेत. भारतात विकायच्या मोटारीच्या टायरला आयएसआय चिन्ह लागते, आणि जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याच्या कक्षेत आहे. आधी कस्टमचे काम करणाऱ्या एजंटाला विचारावे, मग ऑर्डर. आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, कितीही स्वस्त मिळाला तरी या कामाला नको. त्यात आपण टाळू पाहतो तेच आहे: म्हातारे अंग, नवी नक्षी.

टायर चढवण्याचा दिवस घाईचा ठेवू नये. जुने उतरले की रिमचा आतला भाग प्रथमच उजेडात येतो, आणि आपल्या किनाऱ्यावर तिथे बहुधा गंजाची खपली सापडते. खारी हवा आत शिरते ती व्हॉल्व्हच्या भोकातून आणि कडेच्या फटीतून. दुकानात गर्दी असते, मुलगा म्हणतो "चालतंय साहेब", आणि त्याच खपलीवर नवी ट्यूब बसते. नको. तारेच्या ब्रशने घासून, पॉलिश पेपर मारून, प्राइमर आणि रंग देऊन, तो नीट वाळल्यावरच टायर चढवावा. म्हणजे रिम एक दिवस आधी उतरवून घ्याव्या लागतील. ठोकून पाहिल्यावर गंज आरपार गेलेला दिसला, किंवा स्पोक हाताने हलला, तर रिमचे काम आधी, टायर नंतर.

स्पोकच्या चाकासाठी यंत्रापेक्षा हाताने पाना लावणारा जुना कारागीर बरा. यंत्राचे जबडे नव्या जाड रिमसाठी असतात. कडेला साबणाचे पाणी, आत शंखजिऱ्याची पूड, ट्यूबमध्ये आकार येईपुरती हवा, आणि व्हॉल्व्ह भोकातून सरळ उभा. तिरका राहिला तर ट्यूब आत पिळली आहे असे समजावे. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू. तो व्हॉल्व्हजवळ ठेवला की बॅलन्सिंगला वजने कमी लागतात. हवा भरल्यावर टायरच्या कडेलगतची बारीक गोल रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत गेली असेल तर तिथे टायर पूर्ण बसलेला नाही. हवा सोडून पुन्हा भरायला सांगावे.

चाके गाडीला लावली की जॅकवरच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कुठे घासत नाही ना? मग गाडी खाली उतरवून मागे तीन धडधाकट माणसे बसवावीत आणि मडगार्ड व टायर यांत बोट जाते का पाहावे. १६५ चा टायर मूळ टायरपेक्षा तीन सेंटिमीटरहून जास्त रुंद आहे, हे इथे कळते. दुकानासमोरच कळलेले बरे.

हवेचा आकडा टायरवर शोधू नये. टायरवर छापलेला असतो तो सहन होणारा कमाल दाब. आपल्याला हवा गाडीच्या पुस्तिकेतला. तो नायलॉनसाठी दिलेला असेल तर रेडियलमध्ये दोन-चार पौंड जास्त ठेवण्याचा प्रघात आहे. रेडियलची बाजू नेहमीच थोडी फुगलेली दिसते. नायलॉनची सवय असलेले डोळे तिला 'हवा कमी' समजतात आणि माणूस भरतच राहतो. डोळ्यांवर नाही, गेजवर भरवसा ठेवावा, आणि सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजावे. नायलॉनवरून रेडियलवर गेलो असू तर व्हील अलाइनमेंटही करून घ्यावी.

पहिली फेरी छोटी आणि कोरड्या रस्त्यावरची असावी. रेवस ते चोंढी आणि परत, एवढी पुरे. नव्या टायरच्या पाठीवर गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही, म्हणून पहिले दोनेकशे किलोमीटर वळणावर जपून. स्टिअरिंग एका विशिष्ट वेगाला थरथरले तर बॅलन्सिंग, गाडी सतत एकीकडे ओढली तर हवा किंवा अलाइनमेंट. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळावेत. रंगवलेल्या रिमचा थर दबतो आणि नट सैल पडतात. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहणारच असेल तर उभी करण्याआधी चाके आणि गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी, विशेषतः रो-रोतून किंवा समुद्राकाठून आलेली असेल तर. पुळणीवर तर नेऊच नये. ओल्या लादीऐवजी चाकांखाली फळ्या द्याव्यात, हवा चार-पाच पौंड जास्त भरावी, आणि घर सांभाळणाऱ्या गड्याला सांगून ठेवावे की पंधरवड्याने गाडी हातभर पुढे, हातभर मागे ढकल. एकाच जागी दबून राहिलेल्या टायरला तिथे सपाट चट्टा पडतो. नायलॉनमध्ये तो पहिल्या काही किलोमीटरांत धडधड करून जातो. फार दिवसांचा असेल तर जातच नाही.

राहता राहिले उतरवलेले जुने टायर. ते शेडमागे टाकले की त्यांत पाणी साचते आणि डासांची सोय होते. रेवस-बोडणीच्या होडीवाल्यांना ते धक्क्याला लावायला हवे असतात, त्यांना द्यावेत. फक्त देण्याआधी बाजूवर करवतीने एक आरपार छेद मारावा. नक्षी अजून छान दिसते, आणि तेवढ्यावर ते पुन्हा कुणाच्या तरी गाडीला लागायला वेळ लागत नाही.